पिंपळावरची अकरा मडकी

ढुंढिराज आठल्येला काशीच्या आख्ख्या ब्रह्माघाटावर कोणी आर्किटेक्ट म्हणत नसे, आणि ते त्याला फार लागायचं. पुण्याला जाऊन रीतसर शिकून आला होता बिचारा. वर्गातल्याच विद्युल्लतेशी लग्न केलं, तिला सांगलीहून उचलून थेट गंगेच्या काठी आणलं, आनंदीकाकूंच्या घराच्या तळमजल्यावर 'पंचतत्त्व' अशी पाटी लावून दोघांची फर्म काढली. पाटीखाली 'पर्यावरणस्नेही वास्तुरचना' असं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. तरी गल्ली त्याला 'नक्शावाले भइया'च म्हणत राहिली. बरं, गल्ली परकी म्हणून सोडून देऊ. आपले मराठी लोक त्याहून थोर! त्यांच्या लेखी तो 'काकूंचा पुतण्या, घरीच असतो' याच्या पुढे सरकला नव्हता.

आता फर्मला कामं नव्हती असं नाही. कागदावर रग्गड होती. कागदावर ढुंढिराजाने बांबूची शाळा उभी केली होती, मातीचा दवाखाना बांधला होता, एक पूर्ण घाट सौरऊर्जेवर चालवला होता. घाट सौरऊर्जेवर चालून जाणार कुठे, असं काकूंनी विचारलं तेव्हा त्याने नकाशा गुंडाळून ठेवला. प्रत्यक्षात बांधलेली गोष्ट मात्र एकच, ती म्हणजे काकूंच्या मोरीचा उतार. आणि मोरीतलं पाणी अजून दाराकडेच येतं.

लोकजागृती हे विद्युल्लतेचं खातं. तिने चैत्रात चौकामध्ये 'आपली गल्ली, आपला गारवा' या विषयावर ढुंढिराजाचं व्याख्यान ठेवलं. खुर्च्या मांडल्या, पडदा लावला, घरोघर पत्रकं वाटली. ऐकायला एक सांड आला. तो पूर्ण वेळ उभा राहिला हे कबूल करायला हवं, पण जाताना पडदा शिंगावर घेऊन गेला. उरलेली पत्रकं समोरच्या पानवाल्या मिसिरजींनी पानं बांधायला नेली. "कागज बढ़िया है, भइया," असा अभिप्राय त्यांनी दिला, आणि फर्मच्या कामाबद्दल आलेला तो पहिला बरा अभिप्राय असल्यामुळे विद्युल्लतेने तो लिहून ठेवला.

अशा स्थितीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या वेदपाठशाळेचं प्रकरण निघालं. पाठशाळेचा वर्ग टिनाच्या पत्र्याखालीच, वैशाखात भट्टीसारखा तापायचा. विद्यार्थी संथा म्हणता म्हणता पेंगायचे, आणि नीलकंठगुरुजी स्वतः घामाने असे भिजायचे की आंघोळ कधी केली ते आठवू नये. विश्वस्त विश्वेश्वरराव हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. सफारी सूट आणि ठाम मतं, दोन्ही ते बारा महिने वापरत. त्यांनी एसी बसवायचा बेत केला. हे कळताच ढुंढिराज धावत गेला.

"विश्वेश्वरराव, वेदपाठशाळेत एसी? अहो, आपले पूर्वज काय एसीत बसून वेद म्हणत होते?"

"आपले पूर्वज टिनाच्या पत्र्याखाली बसत नव्हते," विश्वेश्वरराव म्हणाले.

"मला हे काम द्या. बिजलीशिवाय वर्ग गार करून दाखवतो."

विश्वेश्वररावांनी त्याच्याकडे, मोरीच्या उताराची हकिकत ऐकलेला माणूस बघेल तसं बघितलं. पण गुरुजी भले माणूस. ते म्हणाले, "त्याने आपल्या घरी करून दाखवावं. रविवारी आपण जाऊन बसू. गार वाटलं तर काम त्याचं."

"आणि नाही वाटलं तर सोमवारी एसी," विश्वेश्वररावांनी पुरवणी जोडली. "आणि मग पुन्हा मराठी समाजाच्या कुठल्याही कामात हे नकाशे आणायचे नाहीत. कबूल?"

ढुंढिराजाने कबूल म्हटलं. आपल्याच माणसांनी आपल्याला एकदा तरी आर्किटेक्ट म्हणावं यासाठी त्याने सगळी अब्रू पणाला लावली होती, आणि ती अब्रू मुळात फारशी शिल्लक नव्हती, ही अडचण होती.

योजना झकास होती, हे मात्र मानायला पाहिजे. घराच्या ओसरीसमोर, गल्ली जिथे जरा रुंद होते तिथे, मोठा पिंपळ आहे. गरम वारा त्या पिंपळातूनच ओसरीवर येतो. त्याच्या फांद्यांना पाण्याची मडकी टांगायची, प्रत्येकाच्या बुडाला बारीक छिद्र, त्यात कापडाची वात. पाणी थेंब थेंब खाली वाळ्याच्या पडद्यांवर पडणार, वारा त्यातून गाळून येणार, ओसरी गारेगार. विद्युल्लतेने हिशेब मांडून अकरा मडकी लागतील असं काढलं. रात्री पाण्याची पातळी दिसावी म्हणून प्रत्येक मडक्यापाशी पणतीएवढा एक सौरदिवा.

"अरे, पण इथे झाडाला असं काही टांगलेलं चालतं ना?" तिने विचारलं. काकूंसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, पण काकू सध्या भाचीच्या डोहाळजेवणाला नागपूरला गेलेल्या असल्यामुळे 'अरे' चालू होतं.

"अगं, बनारस आहे हे!" ढुंढिराज छाती फुगवून म्हणाला. "मी इथला जन्मलेला. इथलं काय चालतं आणि काय नाही, ते तू मला विचारणार?"

दोघं कुंभाराकडे गेले.

"ग्यारह मटके चाहिए," ढुंढिराज म्हणाला. "नीचे छेद वाले. पीपल पर टाँगने हैं."

कुंभाराचं चाक थांबलं. "ग्यारह? एक ही घर के?"

"हाँ, एक ही घर के."

कुंभाराने डोक्याचा गमछा काढून हातात घेतला. "कैसे हुआ, बाबू?"

कल्पना कशी सुचली असं हा विचारतोय, असं ढुंढिराजाला वाटलं. "गर्मी से," तो म्हणाला. "कई साल से लग रहा था. इस साल हो ही गया."

कुंभाराने भाव सांगितला नाही की घासाघीस केली नाही. मडकी स्वतः नेऊन ठेल्यावर ठेवली आणि ठेला वळेपर्यंत हात जोडून उभा राहिला. ढुंढिराज गहिवरला. "बघितलंस? आपल्या कारागिरांना पर्यावरणाची केवढी तळमळ असते!" विद्युल्लतेलाही भरून आलं.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. काशीत कोणाच्या घरी मरण झालं, की पिंपळाला बुडाशी छिद्र पाडलेलं एक मडकं टांगतात. त्याला म्हणतात घंट. गेलेल्याची तहान भागावी म्हणून दहा दिवस त्यातून थेंब थेंब पाणी गळत राहतं, संध्याकाळी तिथे दिवा लागतो, दहाव्या दिवशी ते विधिपूर्वक फोडतात. एका माणसामागे एक मडकं. आपल्या मराठी घरांत ही रीत नाही. आपल्याकडे टांगलेलं गळकं भांडं म्हणजे वैशाखात महादेवाच्या पिंडीवर धरलेली गळती, आणि ते मंगल. सांगलीच्या विद्युल्लतेला घंट ठाऊकच नव्हता. पण ढुंढिराजाला? त्याने लहानपणापासून घाटावरच्या पिंपळांवर असे घंट ढिगाने पाहिले होते! फक्त त्याच्या डोक्यात खाती वेगळी होती. घंट होता 'मरण' या खात्यात, आणि ही मडकी होती 'वातानुकूलन' या खात्यात. मध्ये दार ठेवायचं राहून गेलं होतं. शिकलेल्या माणसाचं असं होतं कधीकधी.

मडकी टांगून झाली आणि संध्याकाळी अकरा दिवे लागले. मिसिरजींच्या हातातून चुन्याची डबी पडली. गल्लीतलं एकेक दार उघडलं, आणि पुन्हा हळूच बंद झालं.

नुसती मडकी असती तर कोणी येऊन विचारलं तरी असतं. पण बाकीचा पुरावाही भक्कम होता. घामोळ्यांनी हैराण होऊन ढुंढिराजाने त्याच आठवड्यात डोक्याचा तुळतुळीत गोटा करून घेतला होता. अंगात दोघांच्याही पांढरी शुभ्र खादी, कारण रंगाने नदी दूषित होते. कातडं नको म्हणून पायांत चपला नाहीत. गाद्या गरम होतात म्हणून निजणं जमिनीवर, चटईवर. गॅस वाचवायचा म्हणून स्वैपाक सौरचुलीवर, आणि सौरचुलीवर सकाळी ठेवलेला भात संध्याकाळीही तांदूळच निघत असल्यामुळे दोघं फळांवर राहत होती. म्हणजे घरात चूल नाही, डोक्यावर केस नाहीत, पायांत जोडा नाही, आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी, 'पंचतत्त्व'. माणूस पंचतत्त्वात विलीन झाला असं हिंदीत कशाला म्हणतात ते मी सांगायला नको. त्यातून आनंदीकाकू बरेच दिवस दिसल्या नव्हत्या. गल्लीने काय समजायचं? तुम्हीच सांगा.

रविवारी सकाळी विद्युल्लतेने दार उघडलं, आणि ती तशीच आत पळत आली. "अरे, बाहेर बघ! लोक आलेत! सगळी गल्ली आलीय!"

खरंच आली होती. पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, माना खाली घालून, आवाज न करता, पन्नासेक माणसं ओसरीसमोर बसली होती. पुरुष एकीकडे, बायका डोक्यावर पदर घेऊन दुसरीकडे. सांडसुद्धा आला होता. ढुंढिराजाने सदऱ्याची बटणं लावली. ज्या व्याख्यानाला कुत्रं फिरकलं नव्हतं, त्याच विषयावर न बोलावता ही गर्दी! विद्युल्लता कैरीच्या पन्ह्याचे पेले घेऊन फिरली, पण एकाने घेतला नाही. उलट एका म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती संकोची माणसं, असं वाटून तिने पेले परत नेले.

ढुंढिराज ओसरीच्या पायरीवर उभा राहिला.

"भाइयो और बहनो," तो म्हणाला, "आप सब आए, मैं क्या कहूँ! पहले हम बुलाते थे, तो कोई नहीं आता था."

दोनतीन पुरुषांनी शरमेने माना आणखी खाली घातल्या.

"पहले इस घर में दिन-रात शोर था. पंखा, कूलर, टीवी, किसी को चैन नहीं. अब देखिए, कैसी शांति है."

बायकांमध्ये हुंदका फुटला.

"लोग कहते हैं, इसमें बहुत तकलीफ होगी. कोई तकलीफ नहीं हुई! एक दिन में सब निपट गया. मैं और ये, बस दो ही लोग थे. हमने अपने हाथ से सब किया."

"हे राम," कोणीतरी पुटपुटलं. मिसिरजी गमछ्याने डोळे पुसत होते. ढुंढिराजाने ते पाहिलं आणि त्याला आणखी चेव आला. आपल्या शब्दांत एवढी ताकद आहे हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"और ये सिर्फ हमारे घर की बात नहीं," तो हात पसरून म्हणाला. "मेरा सपना है कि इस गली के हर घर के आगे ऐसे ही मटके टँगें! एक भी घर न छूटे!"

हुंदके एकदम थांबले. लोक मागे सरकले. आयांनी पोरं कडेवर उचलली. मिसिरजी मात्र जवळचे, ते उठून पुढे आले आणि त्यांनी ढुंढिराजाचे दोन्ही खांदे धरले.

"भइया, होश में आइए. दुख से दिमाग हिल गया है. बस इतना बताइए, ग्यारह लोग कौन-कौन थे? काकी का तो हम समझ गए. बाकी दस?"

"काकी का क्या?" ढुंढिराजाने विचारलं.

मिसिरजींनी नुसतं पिंपळाकडे बोट दाखवलं.

ढुंढिराजाने पिंपळाकडे पाहिलं. अकरा मडकी टपटप गळत होती. अकरा दिवे. आणि डोक्यातल्या त्या दोन खात्यांच्या मधली भिंत धाडकन कोसळली. "अगं आई गं," एवढंच तो म्हणाला आणि पायरीवर बसला. मग त्याने विद्युल्लतेला मराठीत सगळं सांगितलं. तिने पन्ह्याचा एक पेला स्वतःच पिऊन टाकला आणि मग म्हणाली, "इथला जन्मलेला ना तू?"

कोणी मेलेलं नाही हे लोकांना पटवायला बराच वेळ गेला, आणि पटल्यावर लोक दिलासा मिळाल्यासारखे नव्हे, फसवल्यासारखे चिडले. एकाने दुकान बंद ठेवलं होतं, एकाने लग्नाला जायचं रद्द केलं होतं. एका भाभींनी तर रात्रभर रडून डोळे सुजवले होते, आणि ते आता कोणासाठी, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. "उतरवतो, आत्ता उतरवतो सगळी!" असं म्हणत ढुंढिराज शिडी आणायला धावला, तर तीही मिसिरजींनी धरून ठेवली.

"खबरदार! टँगा हुआ घंट कोई छूता है? दसवें दिन फूटेगा, विधि से."

"लेकिन किसकी विधि? कोई मरा ही नहीं!"

"वो आपको टाँगने से पहले सोचना था."

एवढ्यात, रविवार असूनही, गर्दीतून वाट काढत सरकारी आरोग्य कचेरीतला एक बाबू आला. बरोबर ब्लीचिंग पावडरची गोणी. "इस मकान में ग्यारह मौतें हुई हैं और सूचना नहीं दी गई," तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याने उंबऱ्यावर पावडर टाकली.

"एक भी नहीं हुई," ढुंढिराज काकुळतीला येऊन म्हणाला.

"तो लिखकर दीजिए. हर एक का अलग."

"हर एक कौन? कोई है ही नहीं!"

"नाम की जगह 'कोई नहीं' लिखिए. ग्यारह बार. और हर 'कोई नहीं' के लिए दो गवाह."

गोष्ट इथपर्यंत आली आणि गल्लीच्या तोंडाशी नीलकंठगुरुजी आणि विश्वेश्वरराव दिसले. गुरुजींनी पांढरी गर्दी पाहिली, पिंपळ पाहिला, आणि तिथेच थबकले. सुतकाच्या घरी ते कसे बसणार? त्यांनी लांबूनच हात जोडले आणि मागे वळले. विश्वेश्वररावांनी खिशातून फोन काढला.

"गुरुजी, थांबा! सुतक नाहीये!" ढुंढिराज ओरडत धावला. "ही वातानुकूलनाची मडकी आहेत!"

"पिंपळाला?" गुरुजी म्हणाले.

"वारा तिथूनच येतो हो."

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "मरण नाही तर सुतक नाही, हे खरं. पण घंटाखाली बसून मी वेद कसा म्हणू? विद्यार्थ्यांना काय सांगू?"

"मी सांगतो," विश्वेश्वरराव म्हणाले. "मोरीचा उतार ज्याला जमला नाही त्याला हवा वळवायला सांगितली, ही आपली चूक. एसीवाल्याला उद्या बोलावतो." आणि सगळ्या गल्लीसमोर, सांडासमोर, ढुंढिराजाचे डोळे भरून आले. त्याला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. ओसरी गार झाली होती हो! त्याचं गणित बरोबर होतं, आणि ते बघायला आत पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं.

त्याच वेळी मागून आवाज आला, "सरका, सरका! सामान आहे माझ्यापाशी. कोण गेलं रे?"

मिसिरजींनी वळून पाहिलं आणि ते शिडीसकट खाली बसले. हातात संत्र्यांची करंडी, डोक्यावर स्टेशनची धूळ, अशा आनंदीकाकू नागपूरहून आल्या होत्या.

"काकी! आप?"

"मी नाही तर काय माझं भूत? गया कौन, ये तो बताओ!"

"आप ही, काकी," मिसिरजी कसेबसे म्हणाले.

बाबूला मात्र आनंद झाला. कागदावर पहिलंच नाव मिळत होतं. त्याने काकूंकडे जिवंत असल्याचा पुरावा मागितला. काकूंनी पेन्शनसाठी बँकेत दिलेल्या दाखल्याची प्रत पिशवीतून काढून त्याच्या नाकापुढे धरली. "ये नवंबर का है," बाबू चष्मा सावरत म्हणाला. "नवंबर में जीवित थीं, इतना हम मानते हैं." यावर काकूंनी त्याला अस्सल बनारसी हिंदीत जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की त्याने 'जीवित' असा शेरा मारला आणि उरलेल्या दहांचा विषय काढला नाही.

मग काकूंनी कमरेवर हात ठेवून पिंपळाकडे पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. ढुंढिराजाला वाटलं, आता आपली खैर नाही.

"ढुंढ्या, मेल्या, वैशाख ना हा?"

"हो काकू."

"मग वैशाखात थेंब थेंब गळणारं भांडं म्हणजे काय? गळती! नीट दिसतंय की. फक्त तुझ्या गळतीखाली महादेव नाहीत. असला आर्किटेक्ट बघितला नाही बाई, मंडप बांधतो आणि देव विसरतो!"

काकूंनी पदर खोचला. मडक्यांखालची माती पडद्यांवरून निथळणाऱ्या पाण्याने भिजून छान मऊ झालेलीच होती. त्यांनी तिथेच बसकण मारली, चिखलाचा गोळा घेतला आणि बघता बघता एक सुबक पार्थिव पिंड वळून मडक्याखाली ठेवली. मग दुसरी. पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि रात्रभर रडलेल्या भाभी सगळ्यांत आधी चिखलात उतरल्या. थोड्याच वेळात प्रत्येक मडक्याखाली एक महादेव बसला आणि त्याच्या डोक्यावर थेंब थेंब पाणी पडू लागलं. कोणीतरी बेल आणला, कोणीतरी घंटा वाजवली. मिसिरजींनी शिडी सोडून हात जोडले आणि सबंध गल्लीत आवाज घुमला, "हर हर महादेव!"

नीलकंठगुरुजी केव्हाच आत आले होते. त्यांनी मडकी मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अकरा! एकादश रुद्र! अहो, हे कोणी योजलं?"

विद्युल्लतेने हिशेब केला होता तो वाऱ्याचा. पण ती सांगलीची, हुशार. पटकन म्हणाली, "ह्यांनी."

गुरुजींनी निरोप धाडून विद्यार्थी बोलावले आणि ओसरीवर रुद्राचं आवर्तन सुरू झालं. एक झालं, गुरुजी म्हणाले, अकरा करू. बाहेर दुपार पेटली होती, लू सुटली होती, आणि ओसरीवर वाळ्याचा वास आणि ओला गार वारा. गुरुजींच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. पोरं पेंगत नव्हती, खड्या आवाजात म्हणत होती. विश्वेश्वरराव खांबाला टेकून बसले, म्हणाले मी फक्त तापमान बघतोय, आणि तोंड उघडं टाकून असे घोरू लागले की दोन आवर्तनं त्यांच्या सुरातच झाली. तिसऱ्या प्रहरी उठवलं तर म्हणतात, "पांघरूण द्या कोणीतरी."

गुरुजींनी प्रसाद देताना ढुंढिराजाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर हात ठेवला. "स्थपती," ते म्हणाले, "उत्तम काम केलंत."

स्थपती! म्हणजे आर्किटेक्टच, आणि तेही गल्लीसमोर! ढुंढिराज एकदम खाली वाकला. पाया पडतोय असं सगळ्यांना वाटलं, पण त्याला रडू येत होतं. विद्युल्लतेने पदराआडून त्याला रुमाल दिला.

"पाठशाळेच्या वर्गातही उद्यापासून कामाला लागतो, गुरुजी," तो नाक पुसत म्हणाला.

"तिथे कशाला?" गुरुजी म्हणाले. "पिंपळ इथे, रुद्र इथे, गारवा इथे. पाठशाळाच इथे भरेल. तुमच्या खोल्याही लागतील, पोरांची पुस्तकं ठेवायला. आता देवाच्या जागेतून तुम्हालाही नकाशांचा पसारा हलवायलाच हवा, नाही का?"

नाही कोण म्हणणार? काकूंनी तर आधीच होकार दिला होता. त्या रोज सकाळी नव्या पिंडी वळतात, संध्याकाळपर्यंत त्या गळतीने विरघळून जातात, निर्माल्य नाही की कचरा नाही. एवढं पर्यावरणस्नेही काम 'पंचतत्त्व'च्या हातून कागदावरसुद्धा झालं नव्हतं.

फर्मला बदल्यात पाठशाळेची रिकामी खोली मिळाली. तिथे अडचण एकच. विश्वेश्वररावांनी एसीची आगाऊ मागणी परस्परच नोंदवून ठेवली होती. तो आला आणि बसला. बंद करायचा रिमोट ते स्वतःकडे ठेवतात, 'बिघडवाल' म्हणून. त्यामुळे आज ज्येष्ठाच्या भर उन्हात तुम्ही तिकडे गेलात, तर 'पर्यावरणस्नेही वास्तुरचना' या पाटीखाली ढुंढिराज आणि विद्युल्लता मफलर गुंडाळून, हातमोजे घालून नकाशे काढताना दिसतील.

पण गेल्या आठवड्यात दार वाजलं. बाहेर मिसिरजी, घामाने निथळत. "आर्किटेक्ट साहब," ते म्हणाले. हो, साहब म्हणाले! "हमारी दुकान के आगे भी वैसा ही ठंडा-ठंडा करवा दीजिए. पूरे ग्यारह."

गल्लीतलं पहिलं गिऱ्हाईक! ढुंढिराज मफलरही न काढता तडक कुंभाराकडे धावला. "ग्यारह मटके, छेद वाले!" तो लांबूनच ओरडला.

कुंभाराने त्याला ओळखलं. चाक थांबलं. गमछा डोक्यावरून हळूच खाली आला.

"फिर से, बाबू? इस बार किसके यहाँ?"

"मिसिरजी के यहाँ!" ढुंढिराज अभिमानाने म्हणाला. "पूरे परिवार के लिए. कल तो पूरी गली का हो जाएगा, देखना!"

कुंभाराने हात जोडले आणि आपल्या पोराला गल्लीत खबर द्यायला पुढे पिटाळलं. मडकी ठेल्यावर घालून ढुंढिराज परत गल्लीत शिरला, तेव्हा मिसिरजींच्या दुकानासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमायला लागली होती.